पट्टीची उंची

शुक्रवार, १७ तारीख

चि. तारोबा,

माझा आणि आईचा हात तुझ्या पाठीवर. इकडे ठीक आहे. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण तुझ्या आईपुढे त्याचं काही चालत नाही. छापखान्यात ते झाल्यापासून तू फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणतोस आणि ठेवतोस. कागद मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितोय.

आई विचारते, जखमेची पट्टी निघाली का? मी म्हटलं, माझी तर दोनदा निघाली. ती बघतच राहिली.

त्याचं असं झालं. चौकटींचं दुकान बंद केल्यापासून हात शिवशिवत होते. माळ्यावर चिरुटांची जुनी लाकडी पेटी सापडली, तिची तुझ्यासाठी तीन तारांची गिटार करायला घेतली. पेटीतून आरपार एक दांडा, ती मान. मानेवर पातळ लाकडाची पट्टी, तिच्यावरून तारा. जन्मभर लाकडं जोडली, तेव्हा वाटलं हा तर आपल्या डाव्या हाताचा... सोपं वाटलं, एवढंच.

माझी खोड तुला माहीत आहे. जोडावरून नख फिरवायचं, अडकलं तर काम वाया. म्हणून मानेत खाच काढून पट्टी पेटीच्या झाकणाशी अगदी सपाट बसवली. तारा ओढल्या, तर खाली दोन आगकाड्या मावतील एवढ्या उंच! कोपऱ्यावरच्या वाद्यवाल्याकडे नेली. तो हसला. “अहो, ही तार दाबायला पैलवान आणा! नळी सरकवून वाजवणारा असेल तर ठीक. बोटांनी दाबायची तर पट्टी वर उचला. वाजवणाऱ्याचा डावा हात कसा आहे?”

मी म्हटलं, “उत्तम आहे.”

घरी येऊन पट्टी सोडवली, खाली लाकडाची चीप घालून उचलली. तारा पट्टीजवळ आल्या, बोटाला लोण्यासारख्या. जोड सुरेख झाला. मला मात्र अन्न गोड लागेना.

काल दुपारी मी डाव्या हाताची मधली तीन बोटं फडक्यानं बांधली आणि उरलेल्या करंगळीनं तार दाबायला बसलो. जमेना. आई दारात उभी होती. रागावली नाही. म्हणाली, “बोटं बांधलीत ना? आता तोंड सोडा.”

तर सोडतो. कापायच्या मशीननं तुझ्या डाव्या हाताची तीन बोटं नेली. ती परत यायची नाहीत. एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. मी ‘तब्येत कशी’ विचारत राहिलो, तू ‘बरं आहे’ म्हणत राहिलास. दोघांनीही हात पाठीमागे लपवला.

चीप काढून टाकली. पट्टी पुन्हा झाकणाशी सपाट, तारा उंच. पहिल्यांदा नकळत बरोबर केलं होतं, खोटं बोलून बिघडवलं. मग तुझ्या खोलीतल्या पडद्याच्या पितळी दांड्याचा तुकडा कापला. (आई म्हणते, “आता पडदा काय तुमच्या नाकावर टांगू?”) ही नळी करंगळीत घालायची आणि तारांवरून सरकवायची. दाबायचं काही नाही. मी करून बघितलं. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा का होईना, सूर निघतो. तुझ्या हातून नीट निघेल.

पट्टी अजून शिकंज्यातच आहे, सरस लावलेला नाही. एकदा वाळला की जोड सुटायचा नाही, म्हणून तुला विचारल्याशिवाय लावणार नाही. नळीही माझ्याच करंगळीच्या मापाची आहे. लहानपणी तू ती धरून चालायचास. तुझ्या करंगळीचं माप मला ठाऊक नाही.

सोबत कागदाची पट्टी जोडली आहे. करंगळीभोवती गुंडाळ, टोक टेकेल तिथे खूण कर आणि पाठव. दोन ओळी लिहिल्यास तर आईला बरं वाटेल. नाही लिहिल्यास तरी खूण पुरे.

सरस न लावता थांबलेला,
तुझा बाबा