कोहमाऱ्याचा एक तास

बाबा,

गाडी तेरा लाखांची, असं मी सगळ्यांना सांगतो. खरा हिशोब वेगळा आहे. चार्जरसाठी शेड बांधायला अंगणातलं सीताफळ तोडावं लागलं, आणि त्या झाडापायी तुझी सून कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. राइस मिलमध्ये नवीन मशीन टाकायची होती, ती राहिली. आपल्या कुडवा गावात पहिली बिनपेट्रोलची गाडी माझी, एवढं ऐकायला मी हे सगळं मोजलं. आता चार वर्षांत ती जुनी झाली म्हणतात. शोरूमवाला बोलला, "अंकल, बैटरी बैठ गई है. चार में दे दो, नई ले जाओ." मी हसलो, त्याच्याच पैशांनी चहा मागवला आणि कप संपायच्या आत त्याला पाचवर आणलं. धानाच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं. समोरचा बोलता बोलता कुठं अडखळतो ते मला ऐकू येतं, खरा भाव तिथंच असतो. या घरातली खुर्चीसुद्धा माझ्या होकाराशिवाय हलत नाही. तरी महिना झाला, मी होकार देत नव्हतो.

अधूनमधून आम्ही बापलेक, मी आणि माझा पोरगा, तांदळाचे नमुने घेऊन नागपूरला जातो. गाडी तो चालवतो. बॅटरी बसल्यापासून ती एका दमात नागपूर गाठत नाही, म्हणून वाटेत कोहमाऱ्याच्या ढाब्यावर तासभर चार्जिंगला लावावी लागते. पोराला त्याचाच राग. "पप्पा, नवीन मॉडेल कुठंच थांबत नाही. कायले हे ओढून राहिलो आपण?" त्याला कसं सांगू, की मला तो तासच पाहिजे होता. घरी तो मोबाइलमध्ये, मिलवर मी मजुरांमध्ये. ढाब्यावर मात्र दोघं समोरासमोर, मध्ये आलुबोंड्याची प्लेट. मी बोलतो, पहिलं पोतं कसं विकलं, उधारीच्या सायकलवर गावोगाव कसा फिरलो. तो मान हलवतो.

तू होतास तोवर तुझ्यासोबत असा तास मला कधी मिळाला नाही. मी लहान आहे, दुसऱ्यांचं धान बैलगाडीत भरून आपण निघालो आहोत. चोरखमाऱ्याच्या तलावाशी तू बैल सोडतोस, त्यांना पाणी पाजतोस आणि तोंडावर दुपट्टा ओढून गाडीखाली आडवा होतोस. मी विचारतो, हे पाणी कुठून येते, आटते तेव्हा मासे कुठं जातात. तू दुपट्ट्याआडून म्हणतोस, "काऊन टकटक करून राहिला बे? बैलाइले आराम करू दे." बैलांना! तेव्हाच ठरवलं होतं, बाप होईन तेव्हा पोराशी पोटभर बोलेन. बोललो.

मागच्या खेपेला मी हात धुवायला उठलो. पोरगा चार्जरजवळ उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होता. "अजून अर्धा तास. तेच ऐकून राहिलो ना, पोतं अन् सायकल. नवीन गाडी आली का सुटलो." रागानं नाही बोलला. हसत बोलला, जसं आपण एखाद्या चिकट गिऱ्हाइकाबद्दल बोलतो. तिथं ट्रकांचा एवढा गोंगाट, दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं. परत येऊन बसलो तर म्हणतो, "हं पप्पा, मंग काय झालं?" म्हटलं, "काही नाही. चहा पी, थंडा होऊन राहिला."

तुझा राग येतो तो इथं. तू दोन शब्द बोलला असतास, तर बापानं किती बोलायचं, कुठं थांबायचं, हे मला कुठून तरी कळलं असतं. तू मला नुसतं गप्प बसवलंस, आणि मी त्याची भरपाई भलत्याच माणसाकडून करून घेत बसलो.

काल त्याला सांगितलं, घेऊन टाक नवीन. खूश होऊन पाया पडला. तुझ्या सुनेनं विचारलं, "आता कसे तयार झाले जी?" म्हटलं, भाव बरा मिळाला. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही. तुला तेवढं सांगून ठेवतो: टॅक्स वाचतो म्हणून गाडी पहिल्यापासून पोराच्याच नावावर आहे. बदलायला माझा होकार लागतच नव्हता.