मायचं बियाण्याचं गाडगं

विश्वंभरदादाला साधनाचा नमस्कार.

मी इथं खोदकामावर बरी हाये, जेवण बराबर मिळतंय. तुझ्या आरोहीचा खोकला गेला का?

काल हजारो वर्षांपूर्वीच्या घरात पुरलेला रांजण निघाला. आत राखेत ठेवलेलं धान्य होतं. खोदकामाचे सर म्हणाले, "माणसं बियाणं राखायला लागली, अन् एका जागी राहिली." मला मायचं गाडगं आठवलं. तीबी ज्वारी अशीच राखेत ठेवायची.

मरताना तिनं ते तुझ्या हाती दिलं. मी फोनवर विचारलं की तू म्हणायचास, "बियाणं हाये." परवा आरोही फोनवर बोलून गेली, ज्वारी तुमी कवाच दळून खाल्ली, गाडग्यात मोगरा लावला.

माय शेजारून पीठ मागायची, पण बियाण्याला हात लावायची न्हाई. तू काहून खोटं बोललास, दादा?

ती माणसं बियाण्यापायी थांबली. मी आता कशापायी परत येऊ?

तुझी धाकटी,
साधना