कोपऱ्यावरचं कुंकू

पुणतांबा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दिपाली हीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू, जावई आणि बाळ बरे असाल. इथे थंडी अजून हटलेली नाही. आबांचा खोकला आहेच. माझी नोकरी तीच, नगरच्या न्यूज पोर्टलवर मथळे लिहायची. मागच्या महिन्यात 'या बाईने लिंबाच्या झाडाला असं काही घातलं, की शेतकरी चक्रावले!' हा माझा मथळा भलताच चालला. घातलं होतं ताक. आईला वाचून दाखवला तर म्हणाली, "मग ताक घातलं आसंच लिही की गं बये!" मी म्हटलं, मग उघडणार कोण?

आमचे कानिफनाथ सर सांगतात, नाव आधी द्यायचं नाही आणि काय झालं ते तर मुळीच नाही. वाचणाऱ्याला खाली खाली ओढत न्यायचं. मला आता सवयच लागलीय. बघ ना, अजून मी ताकावरच आहे.

माझी आधीची दोन्ही पत्रं परत आली, 'घेण्यास नकार' असा शेरा होता. तुला दोष देत नाही गं. तुझ्या लग्नानंतर आबांनी नातेवाइकांना जी कार्डं धाडली, मरणाच्या पत्राचा फाडतात तसा कोपरा फाडून, 'आमची मुलगी कै. दिपाली', त्यातलं एक त्यांनी तुझ्याही पत्त्यावर टाकलं. जित्या पोरीला तिच्याच मरणाचं कार्ड! त्यानंतर या घरचं पत्र तू का घेशील?

आईला मी पत्रं परत आल्याचं सांगितलं, तेव्हा ती अंथरुणातच होती. लगेच म्हणाली, "कोपरा कोरा ठिवला आसशील तू. तिला काय कळनार आत काय हाय ते? कुंकू लाव. कुंकू दिसलं की ती उघडंल." पुढच्याला लावते, म्हटलं मी.

काल दिवसभर मी हेच करत बसले होते, लिफाफ्यावर काय लिहिलं म्हणजे तू उघडशील. 'आईनं जाता जाता तुझ्यासाठी काय ठेवलं? आत वाच!' असं लिहिलं आणि माझी मलाच शिसारी आली. फाडून चुलीत टाकलं. चूल तशीही थंडच आहे, शेजारच्या कडूबाई पिठलं-भाकरी आणून देतात.

दिपे, आपली आई गेली. गुरुवारी सकाळी, चहा मागितला आणि मी घेऊन येईपर्यंत गेली. याला मथळा नाही गं.

सवाष्ण गेली. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. बाया म्हणाल्या, नशीबवान. मला एवढंच दिसत होतं की तिच्या पायाशी तू नाहीस. शेवटी शेवटी मलाच दिपे म्हणून हाक मारायची, आणि मी ओ द्यायचे. तुला किती हाका मारल्या तिनं, त्या सगळ्या माझ्याकडे आहेत आणि मला त्या सोसत नाहीत.

येत्या शनिवारी, १५ तारखेला दहावा आहे, इथेच, गोदावरीवर. बाळाला घेऊन ये. आबांशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

आज पाकीट तयार केलं आणि रीतीप्रमाणे कोपरा फाडायला हातात धरला. आबा उठून आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "फाडू नको. येकदा फाडलाय म्या." मग आईचा कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडले.

सुतकात कुंकू लावत नाहीत, मला माहीत आहे. मी लावलंय. ते पाहून तुला वाटलं असेल, घरी काहीतरी चांगलं घडलं. एवढ्या फसवणुकीबद्दल माफ कर.

मरणाचं पत्र वाचून झालं की फाडून टाकतात. हे फाडू नकोस. पाकिटावर आईचं कुंकू आहे.

अजून तुझ्या नावानं ओ देणारी,
ताई