ताळ्याचा ताळा

मंगळवार, ५ मे

कालच्या नोंदीत 'काम पाठवलं' असं लिहिलं आहे. ते चूक आहे. ई-मेल लिहिला, आमचे टीमलीड सुधीर सर यांचा पत्ता टाकला, फाइल जोडली आणि मेल ड्राफ्टमध्ये ठेवला. 'पाठवलं' हे उत्साहात लिहिलं गेलं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी खोटं राहू नये.

खरी स्थिती अशी. आमच्या वास्कोच्या कंपनीची तिकीट मशिनं दोन प्रोसेसरवर चालतात, एक जुना, एक नवा. मेमरीतली माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारं मेमकॉपी नावाचं रुटीन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, सिस्टिम लायब्ररीत, सगळ्या मशिनांच्या सामायिक कोडमध्ये, असतं. ते दोन्हींवर वेगवान करायचं. मुदत शुक्रवार २२ मे, त्यानंतर लायब्ररीत नवीन काही घेत नाहीत. माझं प्रोबेशनही महिनाअखेर संपतं. कायम झाले तर असंच पेडण्यात घरी बसून काम करता येईल. नाही झाले तर, तो विचार आज नको.

काम झालेलंच आहे. फक्त एकदा ताळा करायचा. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, आणि उत्तर बरोबर आलं तरी ताळा केल्याशिवाय ते खेळायला सोडत नसत. ती सवय चांगली आहे. उद्या दुपारपर्यंत होईल.

बुधवार, ६ मे, दुपार

सकाळी नव्या प्रोसेसरवर माझं रुटीन जवळजवळ दुप्पट वेगवान. आकडा ड्राफ्टच्या पहिल्या ओळीत घातला. दुपारी तेच रुटीन, तेवढं नाही. मी काहीही बदललेलं नाही. प्रोसेसर ज्यावर बसवलाय तो बोर्ड जनेलाजवळ उन्हात होता. तापला की प्रोसेसर आपणहून सावकाश चालतो. आता खरा आकडा सकाळचा की दुपारचा, हे ठरल्याशिवाय पाठवणं अप्रामाणिकपणा होईल.

टेबलफॅन बोर्डाकडे वळवला. आई म्हणाली, घरातली माणसां घामान भिजतत आनी वारो त्या फळकुटाक.

शुक्रवार, ८ मे

निर्धार: रोज पहाटे उठून थंडाव्यात मोजायचं. आजपासून.

शनिवार, ९ मे

उद्यापासून.

सोमवार, ११ मे

पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्याने जाग आली, म्हणजे पहाट गेली होती. तरी डगमगले नाही. बोर्ड फ्रिजमध्ये ठेवला, वायर दारातून बाहेर काढली. आकडे फारच सुंदर आले. आईला फ्रिजचं दार नीट लागलेलं दिसलं नाही. तिने ढकललं. वायर गेली. बांगड्यांक वायरीचो वास येयत, एवढंच तिचं म्हणणं.

नवी वायर आणली. मग लक्षात आलं, फ्रिजमध्ये बसून कोणी तिकीट काढत नाही. सुंदर आकडे रद्द.

गुरुवार, १४ मे

वाईट बातमी, पण वेळेवर कळली हे बरं. मोठी माहिती नेताना माझं रुटीन उत्तम. दहा-बारा बाइटची छोटी माहिती मात्र जुन्या प्रोसेसरवर ते आधीपेक्षाही हळू नेतं. निघायची तयारीच इतकी मोठी की तेवढ्यात जुनं रुटीन पोचलेलं असतं. आणि तिकिटात छोटीच माहिती जास्त.

साईशचा फोन आला. हा डिचोलीचा, माझ्याबरोबरच लागला, त्याचंही प्रोबेशन. त्याला सांगितलं. म्हणाला, मगीर जुन्यार जुनेंच ठेव, नव्यार नवें घाल. तकली कित्याक खाता?

हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. फारच सोपं वाटलं म्हणून सोडलं. त्याला नीट समजावलं की दोन्ही प्रोसेसरवर चालेल असं एकच रुटीन लिहिण्यात खरं काम आहे. तो 'बरें' म्हणाला. पटलेलं दिसलं.

शनिवार, १६ मे

शेजारच्या गंगाकाकींनी विचारलं, दिवसभर काय करता गो तू? सांगितलं, कॉम्प्युटरातली माहिती इकडची तिकडे नेते, लवकर. म्हणाल्या, आसा थंयच ऱ्हवली तर काय बिघाडता?

हसले. मग तासभर त्याचाच विचार केला. नेलीच नाही तर तेच सगळ्यात वेगवान, हे खरं आहे. पण तसा मेल सरांना करता येत नाही.

बुधवार, २० मे

सुधीर सरांचा फोन. म्हणाले, प्रतीक्षा, परफेक्ट नको, वेळेत हवं. म्हटलं, सर, तयारच आहे. हे खरंच आहे, मेल ड्राफ्टमध्ये आहे.

शुक्रवार, २२ मे, सकाळ

आज. मुदत चारची. त्याआधी एकदाच मोजते.

शुक्रवार, २२ मे, संध्याकाळ

मोजमाप पावणेसहाला संपलं. आकडा आधीचाच आला. एका अर्थी हे समाधानकारक आहे.

साईशचं काम कालच गेलं. जुन्यावर जुनं, नव्यावर नवं. आठ ओळी. लायब्ररीत घेतलं. मी त्या आठ ओळींत चूक शोधली, म्हणजे त्याला कळवता आली असती. सापडली नाही.

सरांचा मेल: 'आता लायब्ररीत जाणार नाही. पण २९ तारखेला तुझ्या प्रोबेशनची मीटिंग आहे. तुझं काम बघितल्याशिवाय मी तिथे तुझ्या बाजूने काय बोलू? आहे तसं पाठव.'

रविवार, २४ मे

बाबा म्हणाले, धाडलंस काय नाय गो बाय? म्हटलं, ताळा चालू आहे. म्हणाले, तो खंयचो ताळो, तीन आठवडे? त्यांना आठवण करून दिली की हे त्यांनीच शिकवलं. मग म्हणाले, तुका ताळो करूक लावी, तेवढ्यात माका दुपारची झोप गावायची. उत्तर बरोबर आसा ता माका दिसा मगे.

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला बरंच काही नव्याने तपासावं लागणार.

मंगळवार, २६ मे

तोडगा सापडला. तारांवरच्या फांद्या छाटायच्या म्हणून परवा दिवसभर लाईट नाही. म्हणजे बोर्ड बंद, फॅन बंद, मोजणं अशक्य. ताळा करायचा म्हटलं तरी करता येणार नाही. लॅपटॉपची बॅटरी मेल पाठवण्यापुरती चालते. दुसऱ्या दिवशी मीटिंग. यापेक्षा योग्य दिवस नाही.

आई म्हणाली, लाईट गेली काय मोबायलाची रेंज पण जाता. नक्की का, विचारलं. म्हणाली, आता धाड मगे, लाईट आसा तवसर.

तिचं बरोबर आहे. ड्राफ्ट उघडलाही. पण आता लाईट आहे आणि बोर्डही समोरच आहे, आणि पहिल्याच ओळीत तो ६ मेच्या सकाळचा आकडा आहे, ऊन यायच्या आधीचा.

रेंज गेलीच तर बसने मांद्र्याला जाईन. तिथल्या गेस्टहाउसांत जनरेटर असतात. काहीही झालं तरी गुरुवार, २८ मे, सकाळी दहा वाजता.