आडनाव जैन

वाशीम,
२८ ऑगस्ट २०२५

चि. श्रेयांस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या रिंकूची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, शेवेच्या कारखान्यातली पोती उचलायला माणसं ठेवलीत ना, मग तू कशाला वाकतेस? संयमचा खोकला थांबला का?

इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे दुखतात, तरी पर्युषणात एक दिवस स्थानकातलं प्रवचन चुकवलं नाही. काल शेवटच्या दिवशी संवत्सरीही पार पडली.

ठीक लिहिलं खरं, पण ठीक काही नाही. सकाळपासून घरात कशातच लक्ष लागत नाही. मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे, दूध दोनदा उतू गेलं. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून हे पत्र. कुरियरवाला सही घेतल्याशिवाय सोडणार नाही, तेवढं तरी बरं.

यंदा स्थानकात येईल त्याच्या हातात आपल्या शेवेचं पाकीट पडावं, अशी प्रभावना करायची बाबांची किती हौस होती, तुला माहीतच आहे. तू एसटीनं पार्सल पाठवलंस. नवीन पाकीट छान चकचकीत आहे. बाबांचं नाव 'ज्ञानचंद' बारीक, आणि 'जैन' केवढं मोठं! बाबांना दाखवायच्या आधी मी एक पाकीट शेजारच्या सपनाला दिलं. तिच्या मुलाला शेंगदाणा सोसत नाही, त्यामुळे ती बाई बिस्किटाचा पुडासुद्धा उलटा करून वाचल्याशिवाय घरात घेत नाही. तिनं वाचलं आणि दारातूनच मला म्हणाली, "ताई, तुमच्यात आता बटाटा चालते काय?"

मी हसले. म्हटलं, चष्मा बदल. मग तिनं बोट ठेवून दाखवलं. मागच्या बाजूला, जिथे पाकीट चिकटवतात त्या घडीखाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

तेव्हा तू फोन उचलला होतास. काय म्हणालास ते आठवतं का? "ताई, कायले एवढी तापून राह्यली? बेसन किती महाग झालं! बटाट्याच्या पिठानं शेव कुरकुरीत होते. नियमात सांगतलं तसं लिहून देल्लं, हिरवा ठिपका हाय. बटाटा काय मटण हाय का? अन् जैन तं आपलं आडनाव हाय. त्याले कोण काय म्हणन?"

कोणी काही म्हणणार नाही रे. तुझं कायद्यानं सगळं बरोबर आहे. पण ते नाव आपलं आडनाव म्हणून कोण वाचतं? स्थानकातली नानीबाई आठव. तिनं जन्मात कंदमूळ खाल्लं नाही. प्रवासात ती दुसरं काही तोंडात घालत नाही, फक्त आपली शेव. ती पाकिटाची मागची बाजू वाचते असं वाटतं तुला? आणि ते अक्षर मोठं करताना तुला हे ठाऊक नव्हतं, असं मला सांगू नकोस. लहानपणापासून तुझी लबाडी मी तुझ्या नाकावरून ओळखते.

मी बाबांना सांगितलं, पार्सल आलंच नाही. खोकं धान्याच्या कोठीमागे ढकललं आणि स्थानकात खडीसाखर वाटली. बाबा चारचौघांत तुझ्यावर चिडले, "पोराले बापाचं एवढं एक काम नाही झालं!" मी ऐकून घेतलं. तुझ्या विसरभोळेपणावर निभावलं तर निभावलं, असं वाटलं होतं.

आज सकाळी मी अंघोळीला गेले आणि बाबा गहू बघायला कोठीशी गेले. मी बाहेर आले तर पाकीट फोडलेलं, बाबांचा घास तोंडात, आणि चेहरा असा खुललेला. "अवं नीलम, आलं होतं की पार्सल! काय मस्त झाली वं शेव!"

श्रेयांस, 'यात बटाटा आहे' हे शब्द तेव्हा मला उच्चारावे लागले. तुझ्याऐवजी मला.

ते ओरडले नाहीत. मोरीत जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिले. मग टोपी घातली आणि स्थानकात गेले. मी मागोमाग गेले. सगळे एकमेकांना खमावत होते, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते. बाबा मध्ये उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माह्या नावाच्या शेवेत बटाटा हाय. ज्यायनं खाल्ली त्यायचा मी अपराधी. आता कोणी घेऊ नका." त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. नानीबाई रडायला लागली. बाबा खाली बसले ते दोघांनी हात दिल्यावरच उठले.

घरी आल्यावर मी म्हटलं, श्रेयांसला क्षमापनेचा फोन लावू का? दरवर्षी पहिला त्यालाच असतो. बाबा म्हणाले, "मी त्याले माफ करीन वं, माहं पोरगं हाय. पण मी माफ केलं तं तो समजन, झालं. नानीबाईच्या घरी जा म्हणा आंधी."

म्हणून यंदा तुला बाबांचा फोन आला नाही. 'मिच्छामि दुक्कडम्' हे क्षमेचे शब्द मीही लिहीत नाही, आणि तूही मला पाठवू नकोस. वाशीमला ये. नानीबाईचं दार मी तुला दाखवते, बाहेर उभी राहते, आत तू एकट्यानं जायचं.

तुझ्यावर फार रागावलेली,
तुझीच ताई
नीलम