फ्लेक्समुळे नव्हे, आप्पा

जुना जालना,
१४ जून २०२५

तीर्थरूप आप्पांना तृप्तीचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून बद्रीनाथ काकांच्या जीपमध्ये हे पत्र देते आहे. तुम्ही वाचेपर्यंत ते हलणार नाहीत, तसं बजावलंय. मावशीकडे सगळे ठीक. राधेश्याम बरा आहे. जेलात भेटला तर पहिलं वाक्य काय, "आप्पाला म्हण, फ्लेक्सवर माझा फोटो लई बेकार टाकला." हसलाही, थोडंसं.

आई म्हणते, तुम्ही चौकात जायचं सोडलंत. "म्याच फ्लेक्स लावला, माह्याच हातानं पोराला धरून देल्लं," म्हणत भिंतीकडे तोंड करून बसता, जेवत नाही.

आप्पा, राधेश्यामने विद्यापीठाच्या लायब्ररीतून संशोधनाचे हजारो लेख उतरवले आणि सगळ्यांना फुकट खुले केले. सरकारी पैशातून झालेलं संशोधन ते लेख छापणारी कंपनी कुलपात ठेवून विकते, हे त्याने सांगितलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "म्हंजे पोरगं पाणपोई घालून राह्यलं की!" आणि अक्षय तृतीयेला चौकात हा एवढा फ्लेक्स! सरपंचापासून सगळ्यांचे फोटो, वर 'ज्ञानाची पाणपोई'. पोलिसांनी तो केसला जोडलाय, खरं आहे. स्वतःच्या खर्चाने पुरावा टांगणारं गाव आपलंच. पण राधेश्याम त्यामुळे सापडला नाही.

मंगळवारी मी कुलसचिवांकडे गेले होते. मागणं एकच. हा आमचा विद्यार्थी, ते लेख वाचायची त्याला परवानगी होती, आमची तक्रार नाही, एवढं विद्यापीठाने कोर्टात सांगावं. सोमेश्वर वकिलांच्या मते जामीन त्यावरच अडला होता. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "विद्यापीठ तटस्थ आहे, मॅडम. सहकार्य तर आम्ही कधीच केलंय. गुढीपाडव्यालाच कंपनीला त्याचं नाव कळवलं."

"कंपनीनं नाव मागितलं होतं?"

"छे, त्यांनी फक्त डाउनलोड थांबवा म्हटलं होतं. पण उद्या आपल्यावर शेकायला नको ना."

आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

पाडव्याला, आप्पा! तेव्हा तुमचा फ्लेक्स छापायलाही गेला नव्हता. ज्यांनी त्याला सुवर्णपदक देताना तुम्हाला स्टेजवर बोलावलं, त्यांनीच न मागता त्याला धरून दिलं, आणि आता नामानिराळे झाले.

आता जे टाळत होते ते लिहिते. गुरुवारी जामीन फेटाळला. परवानगी होती का, असं न्यायाधीशांनी विचारलं. विद्यापीठाचा माणूस मागच्या बाकावर होता. राधेश्याम वळून त्याच्याकडे बघत राहिला. तो मोबाइलमध्ये मान घालून बसला. राधेश्याम बरा आहे, असं वर लिहिलं ते खोटं आहे. फोटोची थट्टा त्याआधीची. आता तो माझ्याशी बोलत नाही.

माझ्याकडून विद्यापीठाला सही हवी होती, की भावाने जे केलं ते एकट्याने, संस्थेला ठाऊक नव्हतं. नाहीतर जुलैपासून मला तिथे शिकवायला तासिका नाहीत. मी नाही म्हणाले. तसली परवानगी आम्हा सगळ्यांनाच असते आणि नाव विद्यापीठाने आपणहून दिलं, हे मी वरच्या कोर्टात शपथेवर सांगणार आहे. आईला सांगा, नोकरी गेली असंच धरून चाल.

पण त्याआधीच सगळं संपेल अशी भीती वाटते. काल तो वकिलांना म्हणाला, "मी गुन्हा कबूल करतो. आप्पाला चोराचा बाप म्हणून घरात तोंड लपवून बसावं लागतंय, ते मला बघवत न्हाई." तुम्ही लपलात म्हणजे त्याने चोरी केली, असा हिशेब त्याने मांडलाय. माझं ऐकत नाही. सोमवारी सही करणार आहे.

म्हणून उद्याच या. चार घास खाऊन या. धुतलेला सदरा घाला, टोपी घाला, चौकातून सगळ्यांना रामराम करत या, आणि जेलात त्याच्यासमोर मान वर करून बसा. विद्यापीठाने केलं नाही ते तुम्हाला करायचं आहे. हा माझा आहे, एवढंच म्हणायचं आहे.

वाट पाहणारी, त्याची आणि तुमची, आता दुसऱ्या कुणाचीच नसलेली,
तृप्ती