डंकाचा मूळ आवाज

३ मार्च
जाहिरात मुकी झाली. मसाल्याच्या व्हिडिओवर करडी पट्टी: आवाज काढून टाकला आहे. कारण खाली. यातील संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे.
संगीत कसलं. डंक आहे तो. गेल्या उन्हाळ्यात उत्तरेश्वर पेठेत पारूमावशीच्या डंकावर आमचीच मिरची कुटताना मी फोनवर घेतलेला. लोखंडी मुसळांचे ठोके, आणि मध्येच मावशीचा ओरडा, "हात काढ गं!" मी फोन फार जवळ नेला होता म्हणून. एवढंच. दहा-बारा सेकंद.
वहिनी पाकिटं सील करत होती. वर न बघता म्हणाली, "वन्सं, सीझन तोंडावर हाय. कायतरी करा."

४ मार्च
मुळात डंकाचा आवाज घेतला तोच भानगड नको म्हणून. पहिल्या वर्षी वहिनीने सिनेमातलं गाणं लावलं होतं. तिला कुणी सांगितलेलं, पंधरा सेकंदांच्या आत चालतं. तेही बंद पडलं. तेव्हा नीलिमाला विचारलं होतं. ती वकील, माझ्याबरोबर कॉलेजात होती. "सेकंदांचा काही संबंध नाही. घरच्या बारशाला लावलंस तर ॲप काही म्हणत नाही. दुकानाला लावलंस की धंदा. धंद्याला परवाना लागतो."
म्हणून कुणाचंच नसलेलं काही घ्यावं असं ठरवलं. डंक.
कुणाचंच नसलेलं. तेव्हा असंच लिहिलं होतं मी इथे. आता वहीतलं ते पान काढून पाहिलं.

५ मार्च
मालक सापडला. गाण्याचं नाव 'हात काढ (हळदी मिक्स)'. कळंब्याचा कुणी डीजे. ऐकलं. आमचेच ठोके, त्याखाली छाती हलवणारा बास, आणि दर चौथ्या ठोक्याला मावशी. हात काढ, हात काढ, हात काढ गं.
वाईट नाही गाणं. हेच जास्त लागलं.

६ मार्च
पडद्यावर दोन बटणं.
एक, 'मान्य आहे'. म्हणजे मी दुसऱ्याचं संगीत वापरलं असं कबूल करायचं. ॲपच्या मोफत साठ्यातलं काही लावायचं. जाहिरात लगेच सुरू.
दोन, 'हरकत आहे'. मग दावा करणाराच ठरवणार दावा बरोबर की चूक. हरले तर ॲपवरच्या आमच्या पानावर ठपका. पुढच्या ठपक्याला पान बंद. पान म्हणजे वहिनीची सगळी बाहेरगावची गिऱ्हाइकं.
वहिनी: "मारा की टिक. कोण बघतंय?"
मी बघतेय.
हे तिला बोलले नाही. कॉलेजात तासिकेवर शिकवत होते तेव्हा दर वर्षी एक कागद पुढे यायचा, पुन्हा कामावर घेण्याचा आग्रह धरणार नाही असा. दर वर्षी सही केली. एवढ्या सह्या पुरेत.

८ मार्च
डीजेचा नंबर त्याच्या पोस्टरवरच होता. नाव महेश. दिवसा वायरिंगची कामं करतो.
"म्याडम, आईशप्पथ, मी क्लेम-बिम केला न्हाई. गाणं चढवताना गाण्याच्या कंपनीनं इचारलं, सगळं तुमचंच हाय का. टिक मारली. सगळीच मारत्यात."
"आवाज कुठून घेतलात?"
"ॲपवरनंच की. तुमच्या व्हिडिओखाली लिवलंतं, 'मूळ आवाज'. मूळ म्हंजे मोकळा, न्हाई व्हय?"
एवढी वर्षं भाषाविज्ञान शिकवलं. 'मूळ'चा हा अर्थ राहूनच गेला होता.
गाणं काढा म्हटलं. "काढून कसं चालंल? सगळ्या हळदी त्याच्यावर हाईत. तुमचं नाव टाकतो की. सौजन्य म्हणून."
"आणि मावशीचं?"
"कोण मावशी?"
तिथे फोन ठेवला.

११ मार्च
नीलिमा: ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्याचा त्यावर हक्क, ते तू केलंस. पण आवाज तुझा नाही. बाईची संमती घे. लेखी.
संमती. वर्षभर त्या ओरड्यावर मसाला विकला आणि हा शब्द आता ऐकला.

१२ मार्च
डंकावर. हंगाम सुरू झालाय. दारातच शिंका. नंबराला बसलेल्या बायका नाकाला पदर लावून. मावशी मात्र उघड्या तोंडाने, मिरची खाली ढकलत.
गाणं ऐकवायला फोन काढला तर ती हसली. तिला माहीत आहे. भाच्याच्या हळदीत वाजलं. "माज्या आवाजावर माजीच जाऊ नाचली! जल्मात माजं आयकलं न्हवतं तिनं."
मी सगळं सांगितलं. दावा, बटणं, सही.
"त्या पोरानं मला नाचीवली तरी. तू काय केलंस? मसाला इकलास."
बायका हसल्या. मीही हसले. हसण्यासारखं नव्हतं.
"सही देशील का मावशी?"
"सही न्हाई. वराडल्याची कोण सही देतंय व्हय? तुज्यावर वराडलो, तुजं झालं. परत मागत न्हाई मी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बोटं गेली असती हिची. शिकल्याली बाई!"
हे मात्र तिला विचारून फोनवर घेतलं. संमती म्हणून.

१४ मार्च
'हरकत आहे' दाबलं. फोनवर वहिनीचं पान उघडं होतं, तिच्याच नावाचं. तिला न विचारता.
कारणासाठी लहान चौकट. नीलिमाने पाठवलेला मजकूर मावेना. तो पुसला. लिहिलं: या आवाजातील वाक्य मला उद्देशून बोलले आहे. हात माझा होता.

१५ मार्च
वहिनीला कळलं. भांडली नाही. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेली. दादाला सांगताना ऐकू आलं, "त्यास्नी काय, पुस्तकं हाईत. मला ह्यो मसालाच हाय."
खरं आहे. तरी मागे घेणार नाही.

१८ मार्च
वहिनीने स्वतः नवी जाहिरात टाकली. मोफत साठ्यातली धून. लाल मिरचीच्या ढिगावर शिट्टी आणि बारीक टुणटुण. बाळाच्या साबणाची वाटते.
खाली सांगलीच्या एका बाईने लिहिलंय, वैनी, आवाज कुठं गेला? मसाला तोच हाय न्हवं?
वहिनीने ते मला दाखवलं नाही. मी पाहिलं. तिनेही पाहिलेलं दिसलं.

२२ मार्च
उत्तर. हक्कदाराने दावा कायम ठेवला आहे. ठपका पडला.
महेशला फोन. "मी न्हाई ओ म्याडम. मला तर मेलबी आला न्हाई. मशिनच ठेवत असंल."
म्हणजे मशिनने धरलं, मशिनने तपासलं, मशिनने निकाल दिला. आणि मुसळं मात्र बाईने सांभाळायची.
आता शेवटचं अपील. ते हरलं तर पान जाणार. अपिलाला वहिनीच्या नंबरवर येणारा आकडा लागतो. तो तिच्याकडे मागायची हिंमत नाही.

२४ मार्च
दुपारी वहिनी दारात. हातात फोन. तो माझ्यापुढे धरला.
बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या मसाल्याची जाहिरात. चकचकीत स्वयंपाकघर, एक मुलगी केस झटकतेय, आणि खाली आमचा डंक. हात काढ गं. मुलीच्या तोंडी. म्हणजे ओठ मुलीचे, आवाज मावशीचा.
मी तपासलं. महेशने ज्या कंपनीकडे गाणं दिलं, तिने ते ब्रँडांसाठीच्या साठ्यात टाकलंय. परवाना घेऊन कुणीही वापरावं. नियमाने सगळं बरोबर. आमच्याशिवाय सगळ्यांना परवानगी आहे.
"ह्यांचा मसाला डंकावरचा हाय व्हय?"
"नाही. मशिनचा."
"मग डंक कशाला वाजिवत्यात?" ती खाली बसली. मिरचीने लाल झालेली बोटं पदराला पुसली. "ते अपील का काय, कुठं हाय? मी दाबतो."
"वहिनी, पान जाईल."
"जाऊ द्या." मी दाखवलं तिथे तिने दाबलं. "वन्सं, लिवून घ्या, आकडा आलाय."
चष्मा सापडेना मला.

२९ मार्च
उत्तर नाही. वहिनीने टुणटुणवाली जाहिरात काढून टाकली. आता नुसतं चित्र. आवाजाच्या जागी आवाज नाही. खाली तिने स्वतः लिहिलं: आवाज आमचा हाय, ते न्हाई म्हणत्यात. काना-मात्रा सुधारू का विचारलं. "हात लावू नका."

२ एप्रिल
उत्तर नाही.
वहिनी म्हणाली, तवर नवा आवाज घेऊन ठेवू. मशिन तोही महेशचाच म्हणेल, मी म्हटलं. ठोके तेच, बाई तीच.
"म्हणू दे. परत हरकत घेऊ."
दोघी डंकावर गेलो. या वेळी आधी विचारलं. मावशीला गंमत वाटली. मुसळं सुरू झाली. मी लांबून फोन धरला. ती नुसतीच मिरची ढकलत राहिली.
"मावशी, म्हण की."
"काय?"
"तेच. हात काढ गं."
"उगंच कसं म्हनू?" मुसळांच्या वर आवाज काढून ती म्हणाली. "आधी हात घाल. मग म्हंतो."
वहिनीने माझ्याकडे पाहिलं.
मी फोन पुढे नेला.